दोन्ही ओपन सोर्स, तरी एकत्र देता येत नाहीत

वाचकाचं पत्र

नमस्कार मॅडम,

आम्ही तिघं मिळून कर्वेनगरमध्ये एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवतो. दूध संकलन केंद्रांसाठी आमचा एक प्रोग्राम आहे. वजनकाटा आणि फॅट मशीनवरचे आकडे थेट कॉम्प्युटरमध्ये येतात, दर लागतो आणि शेतकऱ्याच्या हातात मराठी पावती पडते. शिरूर, जुन्नर आणि इंदापूर तालुक्यांतल्या काही केंद्रांवर तो वर्षभर चालू आहे. आता एका मोठ्या दूध संघाने आपल्या सगळ्या गावच्या संस्थांसाठी तो घ्यायची तयारी दाखवली आहे. त्यांच्या खरेदी विभागाने एक फॉर्म पाठवला. त्यात वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या गठ्ठ्याचं, नाव आणि लायसन्स लिहायचं, आणि ‘सर्व लायसन्स परस्परांशी सुसंगत आहेत’ या वाक्याखाली सही करायची. सोबतच्या करारात सगळा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर) संघाच्या मालकीचा होईल आणि गुप्त ठेवला जाईल, असं कलम आहे.

यादी करायला बसलो आणि झोप उडाली. सगळ्या स्क्रीन पायक्यूटी या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीत केल्यात, तिचं लायसन्स जीपीएल ३. फॅट मशीनशी बोलणारी लायब्ररी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून घेतली, ती जीपीएल २. सर्व्हरला आकडे पाठवायला रिक्वेस्ट्स नावाची लायब्ररी, ती अपाचे २.०. पावतीला लोहित फॉन्ट. बाकी बरंचसं एमआयटी आणि बीएसडी लायसन्सवर. एक फाइल अशा रेपोतली (कोडच्या साठ्यातली) आहे जिथे लायसन्सच नाही. पावती छापायचा भाग सांगलीच्या एका मित्राने लिहून दिला. त्याला पैसे दिले, कागद काही केला नाही.

एक भागीदार म्हणतो, सगळं ओपन सोर्सच आहे ना, कर सही. दुसरा म्हणतो, सगळं काढून नव्याने लिहू, सहा महिने गेले तरी चालतील. मला दोन्ही पटत नाही. काय करू?

— एक वाचक, वारजे

उत्तर

त्या वाक्याखाली आत्ता सही करू नका. आणि सहा महिन्यांची भीतीही बाळगू नका. तुमच्या यादीतली अडचण खरी आहे, पण तिची मुळं दोनच ठिकाणी आहेत: फॅट मशीनची ती लायब्ररी आणि संघाच्या करारातलं ते कलम. बाकीचं नीट कागदपत्रं करण्याचं काम आहे.

तुमच्या पहिल्या भागीदारांचा समज फार पसरलेला आहे, म्हणून आधी त्याच्याकडे वळते. ओपन सोर्स लायसन्स म्हणजे लेखकाने आपला कॉपीराइट स्वतःकडे ठेवून, काही अटींवर दिलेली परवानगी. लायब्ररी एकेकटी वापरता तेव्हा तिच्या अटी तेवढ्या पाळायच्या. पण दहा लायब्ऱ्या आणि तुमचा कोड मिळून एकच इन्स्टॉलर तयार होतो आणि तो तुम्ही दुसऱ्याच्या हाती देता, तेव्हा दहाही अटी एकाच वेळी लागू होतात. सगळ्या एकदम पाळता येत असतील तर लायसन्स जुळतात. एक पाळताना दुसरी मोडत असेल तर जुळत नाहीत, मग दोन्ही कितीही ओपन सोर्स असोत.

हे जुळणं बहुतेक वेळा एकाच दिशेने चालतं. भगर किंवा साबुदाणा रोजच्या जेवणात खुशाल चालतो, पण उपवासाच्या थालीपिठात चमचाभर कणीक पडली की ते उपवासाचं राहत नाही. एमआयटी आणि बीएसडी ही फारशा अटी नसलेली लायसन्स, तर जीपीएल अखंड प्रोग्राम आपल्याच अटींवर, सोर्स कोडसह द्यायला लावतं. एमआयटी किंवा बीएसडीचा कोड जीपीएलच्या प्रोग्राममध्ये घालता येतो, त्या अखंड प्रोग्रामला जीपीएल लागतं. उलट, जीपीएलचा कोड घालून ‘आमचा प्रोग्राम एमआयटीचाच’ असं म्हणता येत नाही. म्हणून ‘ही दोन लायसन्स जुळतात का’ एवढ्या प्रश्नाने भागत नाही. कोणती कोणात जाते आणि शेवटी सगळ्याचं मिळून लायसन्स कोणतं होतं, हेही विचारावं लागतं.

आता तुमची मूळ गाठ. जीपीएलची दुसरी आवृत्ती १९९१ची. तिच्या सहाव्या कलमात म्हटलंय की पुढे ज्याला प्रोग्राम द्याल त्याच्यावर या लायसन्सच्या पलीकडची कोणतीही बंधनं घालायची नाहीत. सातवं कलम आणखी स्पष्ट आहे: या अटी आणि तुमच्यावरची दुसरी बंधनं एकाच वेळी पाळता येत नसतील, तर प्रोग्राम वाटायचाच नाही. अपाचे २.० हे जानेवारी २००४चं लायसन्स. त्यात पेटंटची एक अट आहे. त्या सॉफ्टवेअरमुळे आपल्या पेटंटचा भंग होतो असा दावा कोणी कोर्टात केला, तर त्याला त्या सॉफ्टवेअरपुरती मिळालेली पेटंटची परवानगी संपते. अट रास्त आहे, पण ती जीपीएल २मध्ये नाही. म्हणून जीपीएल लिहिणारी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन तिला जादा बंधन मानते, आणि अपाचे २.०चा कोड जीपीएल २च्या प्रोग्रामशी जुळत नाही असं सांगते. जून २००७मध्ये जीपीएलची तिसरी आवृत्ती आली तेव्हा ही दरी मुद्दाम बुजवली गेली. अपाचे २.०चा कोड जीपीएल ३च्या प्रोग्राममध्ये घालता येतो.

आणि ज्याचा धक्का सगळ्यांनाच बसतो ते म्हणजे खुद्द जीपीएल २ आणि जीपीएल ३ एकमेकांशी जुळत नाहीत. एक म्हणतं, अखंड प्रोग्राम माझ्या अटींवर द्या. दुसरंही तेच म्हणतं. तिसऱ्या आवृत्तीतल्या काही अटी दुसरीत नाहीत. त्यामुळे तुमची ती छोटी लायब्ररी फक्त जीपीएल २ची असेल, तर ती पायक्यूटीशीही भांडते आणि रिक्वेस्ट्सशीही. ती मधून निघाली की पायक्यूटी आणि रिक्वेस्ट्स यांचं आपसात छान जमतं.

हे केवळ कागदावरचे वाद आहेत असं कुणाला वाटेल, म्हणून एक उदाहरण. लिब्रेकॅड हा इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा मुक्त प्रोग्राम, त्याला डीडब्ल्यूजी या प्रकारच्या ड्रॉइंगच्या फाइल वाचायच्या होत्या. त्या वाचणारी लिब्रेडीडब्ल्यूजी नावाची मुक्त लायब्ररी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातच होती. पण लिब्रेकॅड फक्त जीपीएल २वर आणि लायब्ररी जीपीएल ३वर. दोन्हीकडचे लोक मुक्त सॉफ्टवेअरसाठीच झटणारे, तरीही ती वापरता आली नाही. आणि तुम्ही ज्या पायथॉन भाषेत काम करता, त्याच्या १.६ आवृत्तीच्या लायसन्समध्ये ‘अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याचा कायदा लागू होईल’ असं एक वाक्य होतं. तेवढ्या एका वाक्यामुळे पायथॉन जीपीएलशी जुळत नाही असं ठरलं, आणि २००१च्या सुमारास पायथॉनच्या लोकांनी ते सुधारून घेतलं. आजचं पायथॉनचं लायसन्स जीपीएलशी व्यवस्थित जुळतं, त्याची काळजी तुम्हाला नाही.

तर उद्या ऑफिसात गेल्यावर पहिलं काम. त्या फॅट मशीनच्या लायब्ररीचा रेपो उघडा आणि प्रत्येक कोड फाइलच्या डोक्यावरची टीप वाचा. रेपोच्या मुखपृष्ठावर गिटहब जे ‘जीपीएल २’ दाखवतं, ते बहुतेक वेळा नुसतं लायसन्सची फाइल ओळखून दाखवलेलं असतं. लेखकाने खरी परवानगी काय दिली, ते फाइलच्या सुरुवातीला किंवा रीडमी या माहितीच्या फाइलीत सापडतं. तिथे ‘आवृत्ती २ किंवा तुमच्या पसंतीची नंतरची कोणतीही’ अशा अर्थाचं वाक्य असेल, तर तुमची गाठ तिथेच सुटली. तुम्ही तिसरी आवृत्ती निवडायची, की पायक्यूटी, रिक्वेस्ट्स आणि ती लायब्ररी तिन्ही जीपीएल ३खाली एकत्र येतात. ‘फक्त आवृत्ती २’ असं लिहिलेलं असेल तर मात्र वाट बंद. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, असाच फक्त दुसऱ्या आवृत्तीवर आहे. आवृत्तीचा आकडाच कुठे दिलेला नसेल, तर जीपीएल २चं नववं कलम तुम्हाला कोणतीही प्रसिद्ध आवृत्ती निवडायची मुभा देतं. आणि लायसन्सची फाइल आहे पण परवानगीचं वाक्य कुठेच नाही, असं संदिग्ध असेल तर तर्क लढवत बसू नका, लेखकालाच विचारा.

लेखकाला मेल करा, हे मी अगदी मनापासून सांगते. आपल्याकडे लोक लायब्ररी घेतात, कमाई करतात, आणि लेखकाशी पहिलं बोलणं भांडणाच्या वेळी करतात. कुणीतरी रात्री जागून फॅट मशीनचे बाइट उलगडले आणि जगाला देऊन टाकले. त्याने पैसे मागितले नाहीत, मागितली ती एवढीच अट. तुम्ही काय बनवलंय, कुठे वापरताय आणि कुठे अडलंय हे सरळ लिहा, आणि ‘किंवा नंतरची आवृत्ती’ ही परवानगी द्याल का, असं विचारा. लायब्ररीत दुसऱ्या लोकांनीही कोड घातला असेल तर त्यांचीही संमती लागेल, कारण प्रत्येकाच्या ओळींवर त्याचा त्याचा हक्क आहे. इंटरनेटवरची माहिती सुरक्षित पाठवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीचं जुनं लायसन्स वर्षानुवर्षं जीपीएलशी जुळत नव्हतं. ते बदलून अपाचे २.० करायला त्यांना शेकडो लोकांशी संपर्क साधावा लागला, आणि नवं लायसन्स २०२१मध्ये ३.० आवृत्तीसोबत आलं. तुमच्या लायब्ररीत दोन-चार नावं असतील. हे होण्यासारखं आहे.

उत्तर आलंच नाही तर? मग ती लायब्ररी वेगळी काढा. तुमच्या बाबतीत हे सोपं आहे, कारण तिचं काम छोटं आहे: सिरियल पोर्टवरून (मशीन जोडायच्या जोडणीतून) बाइट घ्यायचे आणि फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) सांगायचं. त्याचा एक स्वतंत्र छोटा प्रोग्राम करा, जो आकडे वाचून एक साधी ओळ छापतो. तुमचा मुख्य प्रोग्राम ती ओळ वाचेल. छोटा प्रोग्राम जीपीएल २वरच राहील, त्याचा सोर्स कोड त्याच्यासोबत द्यायचा. दोन स्वतंत्र प्रोग्राम एकाच पेनड्राइव्हवर किंवा एकाच इन्स्टॉलरमध्ये असले म्हणून एकाचं लायसन्स दुसऱ्याला लागत नाही, हे जीपीएल २च्या दुसऱ्या कलमातच आहे. पण वेगळेपणा खरा हवा. पाइप, सॉकेट किंवा कमांड लाइन अशा बाहेरच्या वाटांनी बोलणारे प्रोग्राम साधारणपणे वेगळे धरले जातात, असं फाउंडेशनही म्हणते. मात्र दोघं आतल्या डेटाच्या गुंतागुंतीच्या रचना एकमेकांना देत-घेत असतील, तर तो एकच प्रोग्राम ठरू शकतो, असंही तीच म्हणते. तुमचा छोटा प्रोग्राम दुसऱ्या कुणी उचलून आपल्या एक्सेलला जोडला तरी चालला पाहिजे, अशा बेताने लिहा.

तिसरी वाट म्हणजे मशीनच्या कंपनीचं मॅन्युअल घेऊन तेवढाच भाग नव्याने लिहिणं. मशीन कोणत्या क्रमाने बाइट पाठवतं या माहितीवर कॉपीराइट नसतो, कोडवर असतो. फक्त ज्याने ती लायब्ररी ओळीओळीने वाचली आहे त्याच्याकडे हे काम देऊ नका. हातून नकळत तीच रचना उतरते.

‘पण आम्ही नुसतं इम्पोर्ट करतो, कोड कुठे कॉपी केला?’ असा प्रश्न तुमच्या पहिल्या भागीदारांच्या मनात असणार. लायब्ररी जोडली की अखंड प्रोग्राम एकच होतो, असं फाउंडेशनचं मत आहे. काही वकिलांना ते पटत नाही. पण तुम्ही फॅट मशीनची ती लायब्ररी आणि आपला कोड एकाच पुडीत बांधून देता, आणि समोर संघासारखं मोठं गिऱ्हाईक आहे. अशा वेळी कडक बाजू धरून चालणं मला योग्य वाटतं. जाता जाता: यादीत पायइन्स्टॉलर, म्हणजे पायथॉनचा प्रोग्राम एका पुडीत बांधणारं टूल, दिसला तर घाबरू नका. तोही जीपीएलचाच आहे, पण त्याने बांधलेल्या प्रोग्रामला तुम्ही हवं ते लायसन्स लावू शकता, अशी सवलत त्याच्या लायसन्समध्ये दिलेली आहे.

आता करार. इथे मला तुमची जास्त काळजी वाटते, कारण लायब्ररी बदलता येते, सही केलेला करार बदलायला नाकी नऊ येतात.

समजा, फॅट मशीनचा प्रश्न सुटला. उरलेला प्रोग्राम पायक्यूटीमुळे अखंड जीपीएल ३खाली येतो. याचा अर्थ तुम्हाला तो विकता येणार नाही असा अजिबात नाही. हवी ती किंमत घ्या. सोर्स कोड साऱ्या जगाला द्यायचा, गिटहबवर टाकायचा, असंही बंधन नाही. ज्याला प्रोग्राम दिला त्याला सोर्स कोड मिळाला पाहिजे, आणि त्याने तो बदलून पुढे दिला तर तुम्ही अडवायचं नाही, एवढंच. आता संघाकडे बघा. संघ एक संस्था, आणि गावोगावच्या दूध संस्था वेगळ्या, स्वतंत्र नोंदणी झालेल्या. संघाने प्रोग्राम गावच्या संस्थेच्या कॉम्प्युटरवर बसवून दिला की तो पुढे दिला गेला. त्या प्रत्येक संस्थेला सोर्स कोड मागायचा आणि पुढे द्यायचा तोच हक्क मिळतो. ‘कोड गुप्त राहील’ हे कलम पहिल्याच गावात मोडलं. तुम्ही एका कागदावर जीपीएल पाळायचं वचन देताय आणि दुसऱ्यावर त्याच्या उलट. लायसन्सचा मेळ बघताना बहुतेक लोक फक्त लायब्ऱ्यांची यादी बघतात. गिऱ्हाइकाचा करारही त्या यादीतच धरायला हवा.

मालकीचं कलमही तसंच. पायक्यूटी, रिक्वेस्ट्स, लोहित हे तुमच्या मालकीचं नाही, ते संघाला देण्याचा अधिकार तुम्हाला नाही. तुम्ही स्वतः लिहिलेल्या कोडची मालकी देता येईल, पण एकदा दिलीत तर पुढच्या दूध संघाला तोच प्रोग्राम विकताना या संघाची परवानगी मागावी लागेल. हे तिघांनी बसून शांतपणे ठरवा.

दोन रस्ते आहेत. संघाला कोड बंदच हवा असेल, तर पायक्यूटीचं विकतचं लायसन्स घ्या, किंवा पायसाइड या तशाच दुसऱ्या लायब्ररीकडे वळा. पायक्यूटी ज्या क्यूटी नावाच्या मूळ संचावर चालतं, पायसाइड हे त्या क्यूटीवाल्यांचंच, एलजीपीएल ३ या जीपीएलच्या सौम्य रूपावर मिळतं, आणि पायक्यूटीत लिहिलेला कोड त्यात आणायला फार बदल लागत नाहीत. एलजीपीएलमध्ये तुमचा स्वतःचा कोड तुमच्यापाशी राहू शकतो. बदल्यात लायसन्सची प्रत द्यायची, क्यूटी वापरल्याचं सांगायचं, आणि वापरणाऱ्याला क्यूटीची दुसरी आवृत्ती घालून प्रोग्राम चालवता आला पाहिजे अशी सोय ठेवायची. म्हणून सगळं एकाच फाइलमध्ये कोंबू नका, फोल्डरच्या रूपात द्या. आणि फॅट मशीनचा प्रश्न तुम्ही लायब्ररी जीपीएल ३खाली घेऊन सोडवला असेल, तर या रस्त्यावर तिलाही वेगळ्या प्रोग्राममध्ये न्यावं लागेल किंवा तो भाग नव्याने लिहावा लागेल. नाहीतर एक जीपीएल काढून दुसरं आत राहिलं असं होईल.

दुसरा रस्ता म्हणजे संघाला समजावून प्रोग्राम जीपीएल ३वरच द्यायचा. माझा कल इकडे आहे, आणि तो नुसत्या तत्त्वाखातर नाही. तुमची कमाई बसवून देण्यात, दरपत्रक बदललं की त्याच दिवशी दुरुस्ती करण्यात आणि पहाटेच्या संकलनाला मशीन अडलं की फोन उचलण्यात आहे. कोड दिल्याने ती जात नाही. आणि संघाच्या बाजूने पाहिलं तर उद्या तुमची तिघांची कंपनी राहिली नाही तरी गावच्या संस्थांचं काम थांबत नाही. शेतकऱ्याच्या दुधाचा हिशोब ज्या प्रोग्रामवर होतो, तो कसा होतो हे त्याच्या संस्थेला उघडून बघता येणं ही मोठी गोष्ट आहे. खरेदी विभागासमोर हे मांडताना बिचकू नका.

बाकीची यादी भराभर घेऊ. एमआयटी आणि बीएसडीवाल्यांची मागणी एकच: त्यांची कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत असावा. सगळे मजकूर एका फाइलमध्ये जमा करा आणि इन्स्टॉलरमध्ये घाला. रिक्वेस्ट्ससाठी अपाचेचा मजकूरही त्यातच. एखादी लायब्ररी अगदी जुन्या, चार कलमी बीएसडीची निघाली तर थांबा. जाहिरातीत आमचं नाव घ्या असं त्यात एक कलम होतं, ते जीपीएलशी जुळत नाही. बीएसडी लायसन्स ज्याचं, त्या बर्कलीच्या विद्यापीठाने स्वतःच्या कोडपुरतं ते १९९९मध्ये मागे घेतलं, पण इतरांच्या जुन्या कोडमध्ये ते अजून सापडतं.

लोहितचं मला कौतुक आहे. या फॉन्टमागे आपल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा हात आहे, आणि रेड हॅटने तो मुक्त केला. तो आधी जीपीएलवर होता, आणि फॉन्टच्या बाबतीत त्यातून नसती शंका निघते: पीडीएफ पावतीत फॉन्ट गुंफला तर पावतीलाही जीपीएल लागणार का? २०११मध्ये तो ओपन फॉन्ट लायसन्सवर आला आणि ती शंका संपली. या लायसन्सखाली कागदपत्रांत फॉन्ट गुंफायला आणि प्रोग्रामसोबत द्यायला मुभा आहे. नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही. त्यात बदल केलात आणि मूळ नाव राखीव असेल तर नाव बदलायचं. तुमच्याकडे जुन्या वर्षातली फाइल नाही ना, तेवढं बघून घ्या.

लायसन्स नसलेल्या रेपोतली ती फाइल आजच काढा. उघड्यावर ठेवलेला कोड म्हणजे परवानगी दिलेला कोड नव्हे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, हक्क लिहिताक्षणी लागू होतो आणि लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. लेखक परवानगी देईपर्यंत ती फाइल वापरायची नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून उचललेले मोठे तुकडे असतील तर तेही शोधा. तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए (श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे द्या) लायसन्सवर असतो. त्याची ४.० आवृत्ती जीपीएल ३मध्ये नेता येते, जीपीएल २मध्ये नाही.

आणि पुढे कधी हे सगळं सर्व्हरवर नेऊन केंद्रांना ब्राउझरमधून दाखवायचं ठरवलंत, तर गणित बदलतं. आपल्याच सर्व्हरवर चालवणं म्हणजे वाटणं नाही, त्यामुळे जीपीएलची सोर्स कोड द्यायची अट तिथे लागत नाही. पण एजीपीएल, म्हणजे जीपीएलचं सर्व्हरसाठी कडक केलेलं रूप, ज्याला आहे त्या कोडमध्ये तुम्ही बदल केलेत तर त्याचं तेरावं कलम नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स कोड द्यायला लावतं. पीडीएफ बनवणाऱ्या काही नावाजलेल्या लायब्ऱ्या, उदाहरणार्थ आयटेक्स्ट, एजीपीएलवर आहेत. पावत्या पीडीएफमध्ये करताना हे आठवा.

सांगलीच्या मित्राची गोष्ट तुम्ही पत्रात शेवटी लिहिलीत, पण ती वर यायला हवी. कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे नोकरीत असलेल्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची मालकी, वेगळं ठरलेलं नसेल तर, कंपनीची असते. तुमचा मित्र नोकरीत नव्हता. पैसे दिले तरी त्या कोडचा पहिला मालक तोच. म्हणजे पावतीचा भाग जीपीएलखाली द्यायचा की बंद ठेवायचा, हे आज तुम्ही ठरवूच शकत नाही. त्याच्याकडून लेखी हस्तांतरण घ्या, त्याच्या सहीनिशी. एकोणिसाव्या कलमात काही बारकावे आहेत जे घरी केलेल्या कागदात हमखास राहून जातात. मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण पाचच वर्षांचं धरलं जातं. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. आणि वेगळं ठरलेलं नसेल तर, मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही की तो परत जातो. कोणता कोड, कोणते हक्क, किती मोबदला, किती मुदत, कुठला प्रदेश, हे सगळं स्पष्ट हवं. मसुदा वकिलाकडून करून घ्या. त्यातला खर्च करारावरच्या चुकीपेक्षा कमीच असेल. तुम्हा तिघांचे आपसातले कागदही त्याच वेळी बघून घ्या.

वर्षभर ज्या केंद्रांवर प्रोग्राम चालू आहे त्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. जीपीएल २च्या चौथ्या कलमाप्रमाणे अट मोडली की तुमची परवानगी आपोआप संपते. जीपीएल ३ थोडं समजून घेतं: हक्कधारकाची पहिलीच नोटीस आल्यावर ३० दिवसांत चूक दुरुस्त केली तर परवानगी पुन्हा पक्की होते. केंद्रांना यात दोष नाही. ते लायसन्स पाळत राहिले तर त्यांचा हक्क तुमच्या चुकीमुळे जात नाही. तुम्ही नवीन दुरुस्त आवृत्ती तयार झाली की आधी त्या जुन्या केंद्रांवर बसवा, सोबत लायसन्सच्या मजकुरांची फाइल आणि सोर्स कोड द्या. लायब्ररीच्या लेखकाला लिहिणाऱ्या मेलमध्येही झालेलं लपवू नका.

फॉर्मसाठी यादी हाताने करू नका. पिप-लायसन्सेस हे टूल पायथॉनच्या सगळ्या पॅकेजांची लायसन्स काढून देतं, आणि स्कॅनकोड प्रत्यक्ष फाइलींतल्या टिपा वाचतं. पहिलं फक्त पॅकेजवर लावलेली माहिती दाखवतं, ती कधी चुकीची असते, म्हणून दोन्ही चालवून ताडून बघा. लायसन्सची नावं एसपीडीएक्स या लायसन्सना ठरावीक छोटी नावं देणाऱ्या पद्धतीने लिहा. त्यात ‘फक्त आवृत्ती २’ आणि ‘२ किंवा नंतरची’ यांना वेगळी नावं आहेत, त्यामुळे तुमच्या डोकेदुखीचं मूळ यादीत लपून राहणार नाही.

मग संघाला ‘सर्व लायसन्स परस्परांशी सुसंगत आहेत’ या वाक्याऐवजी नेमकं वाक्य द्या: सोबतच्या यादीतले भाग मिळून बनलेली ही आवृत्ती अमुक लायसन्सखाली दिली जात आहे, स्वतंत्र चालणारे भाग हे आणि त्यांची लायसन्स ही, आणि मालकीचं कलम फक्त आमच्या कंपनीने लिहिलेल्या कोडला लागू असेल. खरेदी विभागाला तारीख हवी असेल तर मित्राचा कागद आणि लेखकाचं उत्तर या दोन गोष्टींसाठी मुदत मागून घ्या, आणि ती कशासाठी हवी तेही त्यांना सांगा.